लोखंड उतरवायचं गाणं

हळद लागलेला नवरदेव कॅज्युअल्टीत आला तो बाराला दहा मिनिटं कमी असताना, आणि त्याच्यामागून त्याचं अख्खं लग्न आलं.

साल पंच्याण्णव. तुर्भ्याच्या पुलाअलीकडचं ते हॉस्पिटल नवं होतं, पण दोन वर्षांत त्याच्या कॅज्युअल्टीनं बरंच काही पाहून घेतलं होतं. कारखान्यातून माणूस एका रिक्षात यायचा आणि त्याची बोटं, रुमालात बांधलेली, दुसऱ्या रिक्षात. खाणीतून दगडाखाली सापडलेले पाय यायचे, हायवेवरून ट्रकखाली सापडलेले. काहीही आलं तरी डॉक्टर खलील पारकर आधी भिंतीवरचं घड्याळ पाहायचा, मग माणूस. उरणकडच्या खाडीकाठी वाढलेला, बुटका, मऊ आवाजाचा सर्जन. त्याला ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं.

नवरदेवाचं नाव नंदकिशोर, जुन्या सानपाडा गावचा, वय चोवीस. लग्न दोन वाजता होतं. त्याआधी गावदेवीच्या पाया पडायला त्याला टेम्पोत उभा करून नेत होते. रस्त्यावर चार दिवसांपूर्वी नवा गतिरोधक झाला होता, तो टेम्पोवाल्याला माहीत नव्हता. टेम्पो उडाला, नवरदेव तोंडावर पडला आणि हातातली सुरी त्याच्याच पोटात गेली, डाव्या बरगड्यांच्या खाली. सुरीच्या टोकाला लिंबू टोचलेलं होतं. ते पात्यावरून सरकत मुठीपाशी येऊन अडकलं, म्हणून दोन बोटं पातं बाहेर राहिलं.

नवरदेवाच्या हातात सुरी कशाला, असं डॉक्टर अरुणांनी विचारलं. त्या भुलीच्या डॉक्टर, दादरहून वाशीच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या. नंदकिशोरची नाडी बोटाखाली धरूनच खलीलनं त्यांना समजावलं. हळद लागली की माणूस पाडाला आलेल्या फळासारखा होतो. दिसणाऱ्यांची नजर त्याच्यावर आणि न दिसणाऱ्यांचीही. म्हणून अक्षता पडेपर्यंत लोखंड हाताशी ठेवायचं. झोपेत, जेवताना, मोरीतसुद्धा. ते हातात देतात गाणं म्हणून आणि हातातून उतरवतात तेही गाणं म्हणूनच.

"आणि मध्येच सोडलं तर?" अरुणा म्हणाल्या.

उत्तर नवरदेवानंच दिलं. त्याचा शब्द सुटा सुटा येत होता, पण येत होता. त्याच्या चुलत्यानं दाढी करताना पळभर लोखंड खाली ठेवलं होतं. अकरा वर्षांनी त्याला मधुमेह झाला.

नंदकिशोरच्या उजव्या मुठीत सुरीची मूठ होती, आणि ती तो सोडत नव्हता. लोखंड पोटात गेलं म्हणून काय झालं, हातात तर होतंच. कुणी बोटं उकलायला गेलं की तो अंग आकसून घ्यायचा, आणि त्यासरशी पातं आत हलायचं. तसं ते हललं की खलीलच्या बोटाखालची नाडी चिमणीसारखी फडफडायची. सुरी तर अशीही कॅज्युअल्टीत उपसायची नव्हती. ती ऑपरेशनच्या टेबलावर, पोट उघडून, डोळ्यांदेखतच काढायची. तिथपर्यंत रीत आणि वैद्यक एकमेकांच्या गळ्यात गळा घालून होते. अडचण एवढीच की टेबलावर न्यायचं तर हात सुटायला हवा, आणि हात सुटायचा तर लग्न लागायला हवं.

अरुणा म्हणाल्या, अशा प्रेशरवर त्याला मूठ सुटायच्या आधीच भूल दिली आणि हात ढिला पडून खाली आला, तर सुरी घेऊनच येईल. शिवाय त्याचा रंग कळत नव्हता. रक्त गेलेला माणूस पांढरा पडतो, श्वास कोंडलेला निळा, आणि हा डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळाजर्द. त्यांनी स्पिरिटचा बोळा हातात घेतला तशा दारातल्या बायका हळहळल्या. हळद पुसायची म्हणजे काय, अजून नवरी यायची आहे. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी डाव्या करंगळीचं एक नख पुसायची परवानगी मिळाली. ते नख पांढरंफटक निघालं.

"प्रेशर, वरचं नव्वद," अरुणा म्हणाल्या. "अर्धा तास. फार तर."

खलीलनं घड्याळ पाहिलं. मग दाराशी जाऊन विचारलं, धवलारीण कोण आहे.

आगरी लग्नात भटजी येवो न येवो, धवलारीण लागते. मांडवाचा पहिला खांब रोवण्यापासून नवरी उंबरा ओलांडेपर्यंत एकेक विधी ती गाऊन पार पाडते, आणि तिनं गायलं तेवढंच झालं असं धरतात. गर्दीतून मालतीबाई पुढं आल्या. सत्तरीच्या, वाळक्या शेंगेसारख्या, गुडघ्यावर कासोटा, केसांत अबोलीचा भला मोठा गजरा. त्यांच्यामागे नंदकिशोरची आई, विजयमाला. मालतीबाईंच्या पदराचं टोक मुठीत धरून ती पोराच्या पोटावरच्या लिंबाकडे बघत होती.

खलीलनं मालतीबाईंना सगळं सरळ सांगितलं. आतल्या आत रक्त वाहतंय. लोखंड त्याच्या हातातून उतरवणारं गाणं म्हणा, म्हणजे आम्ही त्याला आत नेतो.

मालतीबाई म्हणाल्या, ते शेवटचं गाणं. त्याच्या आधी लग्न लागतं.

मग लग्नाचं म्हणा.

त्याच्या आधी मांडव, पाणी, दळण, देव, पितर, मामाचा मान.

"सगळं मिळून किती वेळ?"

"तीन तास. घाईनं बोलले तं पावनेतीन."

"माझ्याकडे पंधरा मिनिटं आहेत, आजी."

मालतीबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कुणी यावं आणि म्हणावं की खाडी तेवढी जरा आखूड करून द्या. एकेचाळीस वर्षांत त्यांनी एक कडवं गाळलं नव्हतं. सासूनं चुलीपुढं बसवून शिकवलेलं, एकात एक गुंफलेलं. मधूनच धरायला गेलं तर हाताला लागायचंच नाही.

एवढ्यात नवरीला आणायला माणसं तुर्भे गावाकडे पळाली आणि तिचा बापच आधी हजर झाला. त्याचं म्हणणं होतं की पोरगा वाचला की लगेच लग्न लावू, मुहूर्त गेला तरी चालेल. खलील म्हणाला, लग्न लागल्याशिवाय तो वाचत नाही. बाप म्हणाला, वाचल्याशिवाय मी लावत नाही. दोघंही अगदी शांतपणे, एकमेकांचा मान राखून हेच पुन्हा पुन्हा बोलत राहिले, आणि तेवढ्यात अरुणांनी आतून आकडा सांगितला. पंच्याऐंशी. तेव्हा बापाच्या मागून, डोक्याला बाशिंग बांधलेली, अंगभर हळद ल्यालेली दर्शना बोलली. ती रिक्षातून उतरून कधी आत आली होती हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"लगीन माजं हाय ना, बाबा? मंग मी उबी ऱ्हाते. तुमी मागं ऱ्हावा."

आणि ती स्ट्रेचरच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. नंदकिशोरनं तिच्याकडे पाहिलं आणि, काय सांगावं, मूठ आणखी घट्ट केली.

आता कॅज्युअल्टी कामाला लागली. अंतरपाट म्हणून ऑपरेशनची हिरवी चादर आली. ती धरायला माणसं हवी होती, तर प्लास्टर सुकायची वाट बघत बसलेले दोन पेशंट उठले. एकाचा डावा हात मोकळा होता, दुसऱ्याचा उजवा. बॅन्डवाल्यांना वाजवू नका म्हणून सांगितलं होतं. पण सुपारी लग्न लागेपर्यंतची घेतलेली, तेव्हा ते व्हरांड्यात रांगेनं उभे राहून न फुंकता नुसती बोटं चालवत राहिले, आणि ढोलवाला चामड्याच्या वर चार बोटं हवेत टिपरी मारत राहिला. अक्षतांचे तांदूळ उघड्या जखमेजवळ नकोत, असं अरुणांनी बजावलं. वॉर्डबॉय शहाजी मूळचा बार्शीकडचा, कामाला चोख. त्यानं तांदूळ निर्जंतुक करायला वाफेच्या यंत्रात घातले आणि सात मिनिटांनी डबा उघडून बघतच राहिला.

"मॅडम, ह्याचा भात झालाय न्हवं," तो म्हणाला.

शेवटी कापसाचे बोळे वाटले. पाचपाच, प्रत्येकाला.

मालतीबाईंनी डोळे मिटले आणि सुरुवात केली. सवयीनं केली ती अगदी पहिल्यापासून.

*पैला खांब रोविला, उंबराच्या लाकडाचा*
*त्याला शेंदूर लाविला, उगवत्या सूर्याचा*

*दुसरा खांब रोविला...*

खलीलनं हळूच विचारलं, एकूण खांब किती. नऊ, विजयमाला म्हणाली. ती बोललेली ती पहिलीच गोष्ट.

"एकोणऐंशी," अरुणा म्हणाल्या.

खलील मालतीबाईंच्या पायाशी उकिडवा बसला. घड्याळाकडे न बघता बोलायला लागला, आणि हे शहाजीच्या चांगलंच लक्षात राहिलं.

"आजी, मांडव सोडा."

"मांडव सोडला तं लगीन कनच्या खाली लागंल?"

"वर स्लॅब आहे. पक्का."

मालतीबाईंनी डोळे उघडून वर पाहिलं. पंख्याचा हूक, गळतीचा एक डाग. स्लॅब त्यांना पटला असावा. मग पाणी? पाणी चालूच आहे, खलील म्हणाला आणि सलाईनच्या बाटलीकडे बोट केलं. थेंब थेंब, मघापासून. दळण? दळणाचं काय झालं ते शहाजीच्या डब्यात आहे. देव? ते आलेलेच असतील, मालतीबाई स्वतःच म्हणाल्या, त्यांना काय आमंत्रण. मग त्या थांबल्या.

"पितरांना बोलवाया लागंल. आजा, पणजा, नाव घेऊन."

"त्यांना आज नको," खलील घाईनं म्हणाला. "आज ते खरंच येतील."

विजयमालेनं पदराचं टोक सोडलं आणि ते पुन्हा धरलं.

मालतीबाईंनी पुन्हा डोळे मिटले. कुणाला वाटलं असेल की त्या रुसल्या. त्या आतल्या आत सगळं गाणं म्हणत होत्या, ओठ न हलवता, भराभर, आणि जाता जाता एकेक कडवं पायानं बाजूला सारत होत्या, नेसायची लुगडी निवडून फाटकी बाजूला टाकतात तशी. फरक इतकाच की ह्यातलं एकही फाटलेलं नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्या उठल्या, नंदकिशोरच्या उशाशी गेल्या आणि म्हणाल्या, तीन ठेवते. एक आईचं, एक नवरीचं, एक लोखंडाचं. ह्याच्या खाली गेलं तर ते लग्न नाही, ती नुसती कागदावरची सही होईल.

"तीन चालतील," खलील म्हणाला.

"पन हातातून मी उतरवते. पोटातून तू उतरव. माजं काम तू नाय करायचं, तुजं मी नाय."

त्यानं मान हलवली. चादर धरणारे दोघं सरसावले.

*धाकल्या दिव्याची, वात कोनी वलली*
*आयेच्या पोटी गो, पयली रात सरली*

*पाटावर उबी, पिवल्या पावलांची*
*सांग तुजी सावली, आता कोनच्या नावाची*

चादर खाली आली. बोळे उडाले, वजन नसल्यामुळं ते पडायला वेळ लावत होते. दर्शनानं नंदकिशोरच्या डाव्या हाताला, सलाईनच्या सुईच्या वर जिथं मोकळी जागा होती, तिथं आपला हात ठेवला. अरुणा सत्तर म्हणाल्या.

*उतर रे लोखंडा, हातातून खाली*
*राखन तुजी सरली, घरधनीन आली*

नंदकिशोरनं एकेक बोट सोडलं. करंगळी, मग तिच्या शेजारचं. अंगठा शेवटी. त्याचा हात बाजूला पडायच्या आधीच खलीलनं सुरीची मूठ कापसाच्या जाड वळ्यांत बसवून धरली, शहाजीनं स्ट्रेचरची चाकं मोकळी केली आणि दार मिटलं. संमतीच्या कागदावर तेवढा नवरदेवाचा अंगठा घ्यायचा राहिला होता. तो धावत धावत घेतला. पिवळा उमटला.

आत काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. प्लीहा फाटली होती, ती काढावी लागली. जठराला एक भोक होतं, ते शिवलं. रक्ताच्या चार बाटल्या गेल्या. तीन वऱ्हाडातल्या माणसांच्या आणि एक नवरीच्या बापाची. मध्ये एकदा प्रेशर इतकं खाली गेलं की अरुणांनी आकडा सांगितलाच नाही, नुसतं खलीलकडे पाहिलं. मग ते हळूहळू, नाखुशीनं, वर आलं. तीन वाजून पाच मिनिटांनी खलीलनं शेवटचा टाका घातला, हात धुतले आणि अरुणांना पेशंटपाशी ठेवून बाहेर निघाला.

बाहेर मालतीबाई गात होत्या.

ऑपरेशनचं दार मिटल्याबरोबर त्यांनी गाळलेलं सगळं पहिल्यापासून धरलं होतं. राहिलेलं ठेवून घरी जायचं नसतं. व्हरांड्यात दोन्ही भिंतींना टेकून वऱ्हाड बसलं होतं, मधे विजयमाला आणि तिच्याशेजारी दर्शना. कुणी मान वर केली नाही. खलील दोन पावलं पुढं आला आणि थबकला. लहानपणी उरणकडे शेजारच्या आळीत धवले, म्हणजे ही लग्नाची गाणी, चालले की त्याची आई त्याला दटावून गप्प बसवायची. मघाशी आपण ह्या बाईचं एवढं गाणं मोडलं, ह्या विचारानं त्याला ओशाळल्यासारखं झालं. आता बातमी तर चांगली होती. चांगली बातमी काय, नासत नाही. त्यानं चपला काढल्या आणि विजयमालेशेजारी मांडी घालून बसला.

मालतीबाईंनी त्याला बसताना पाहिलं. गाणं शेवटाकडे आलं होतं, नवरी उंबऱ्यापाशी पोचली होती. पण उंबरा काही ओलांडला जाईना. आधी उंबऱ्यावर रांगोळी आली. मग रांगोळीत मोर, मोराच्या पिसाऱ्यात डोळे, डोळे मोजून झाले. मग दारातली कोंबडी, तिची पिल्लं, पिल्लांचे रंग. मग मिठागराच्या वाटेवरचे बगळे. मग सिडकोचे रस्ते, त्यांवरचे विजेचे खांब, एकेक. खलीलला आश्चर्य वाटलं; मघाशी तीन कडव्यांत बसलेलं हे इतकं मोठं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आवाज चिरत चालला होता तरी त्या थांबत नव्हत्या. शेजारी विजयमाला फरशीकडे बघत होती आणि तिचा खांदा बारीक, सारखा थरथरत होता. सुनेसाठी भरून आलं असेल, असं त्यानं धरलं. मान खाली घालून, आदरानं तो बसून राहिला. घड्याळाकडे मात्र एकदा त्याची नजर गेली. बावीस मिनिटं झाली होती.

तेवढ्यात आतलं दार ढकलून शहाजी आला.

"सर, नवरदेव डोळं उघडून पानी मागतोय. द्यायचं का?"

"नको," खलील हळू आवाजात, गाणं मोडू नये म्हणून त्याच्या कानाशी लागून म्हणाला. "ओठ ओले करा फक्त."

पण गाणं थांबलं होतं. विजेच्या खांबावर एक पक्षी बसवून मालतीबाईंनी तो तसाच सोडून दिला होता. व्हरांडा सगळा खलीलकडे बघत होता.

"जिता हाय?" विजयमाला म्हणाली.

"हो. चांगला आहे. दहा दिवसांत घरी जाईल."

"आरं मंग बोल्ला का नाय?"

"गाणं चालू होतं," खलील म्हणाला.

विजयमालेनं मूठ वळली आणि त्याच्या खांद्यावर मारली. मग पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मूठ तशीच खांद्यावर राहिली आणि ती त्यावर कपाळ टेकून रडायला लागली, इतक्या मोठ्यानं की व्हरांड्यातले प्लास्टरवाले दोघं उठून उभे राहिले. दर्शना केव्हाच दाराशी पोचली होती आणि शहाजी तिला आत चपला चालत नाहीत म्हणून सांगत होता.

मालतीबाई भिंतीला टेकल्या. त्यांचा आवाज आता नुसता वारा झाला होता.

"मना वाटला, गानं सरलं का तू बोलशील. म्हनून सरू देत नवते, बाबा." त्या दम खायला थांबल्या. "त्या बगल्यांच्या पुडचं सगलं मी आताच केलं. कवरी खोटी कडवी गायलीव त्याचा तरी इचार करायचास."

खलीलला ती खोटी वाटली नव्हती, असं तो म्हणाला. मालतीबाईंनी हातानं त्याला गप्प केलं आणि चहा मागवायची खूण केली, बिनसाखरेचा.